डायलच्या दोऱ्याची वाट

मिहिर आणि सई,

मागच्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, आक्काआजीची साइट उघडतच नाही. ती गेली म्हणून बंद झाली का?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्या बाबाकडे फोन द्यायला सांगितला. ते नंतर म्हणजे आज. दिवाळीची साफसफाई झाली आहे, घर शांत आहे आणि प्रश्न अजून ताजा आहे. असे प्रश्न शिळे होऊ देऊ नयेत.

खरं तर तुम्हालाच लिहायला बसले होते. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा चार ओळींनंतर मी तुमच्याऐवजी तिच्याशीच बोलू लागले. तेव्हा आता सरळ तिलाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐका. कुठे अडलं तर बाबाला विचारा. त्याची आत्या होती ती. तिचं कोल्हापुरी तुमच्यापेक्षा त्याला बरं कळेल.

आक्का,

तुझं टेबल मी आवरलं आहे. "वैनी, तुमी आवरलं की मला काय बी घावत न्हाय," हे तू आत्ता म्हणाली असतीस. सोल्डरिंग आयर्न, चिमटे, व्हॉल्व्हची खोकी सगळं जागेवर आहे, फक्त धूळ नाही. मामंजींचा रेडिओ तेवढा हलवला नाही. तो टेबलाच्या डाव्या हाताला, पाठ उघडी ठेवून, तू ठेवलास तसाच आहे.

मी लग्न होऊन जयसिंगपूरला आले तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस, आणि हा रेडिओ मामंजींच्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकलेला होता. कोणी त्याला हात लावत नसे. का, ते मला तूच माडीवर कुजबुजत सांगितलंस. डायलचा दोरा तुटला होता. बाहेरचं बटण फिरवलं की आतला दोरा कप्प्यांवरून सरकतो आणि काचेमागचा काटा कोलंबोवरून दिल्लीवर जातो, एवढं तू बघून ठेवलं होतंस. मामंजी बाजाराला गेलेले असताना तू पाठ उघडलीस, गुंतलेला जुना दोरा कात्रीने कापून बाहेर काढलास आणि नवा ओवायला घेतलास. तेव्हा तुझ्या लक्षात आलं, की तो कुठल्या कप्पीवरून वर जात होता आणि कुठल्या कप्पीखालून परत येत होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मुंबईच्या कुठल्याशा लहान कारखान्यातला तो रेडिओ. त्याला दोन काटे. तसा दुसरा रेडिओ आपण कुठे पाहिला नाही.

मामंजी तुला एक अक्षर बोलले नाहीत. "रागावले असते तर बरं झालं असतं," असं तू म्हणायचीस. ते फक्त कापड टाकून झाकून ठेवायला लागले.

पुढे आम्ही कोल्हापुरात बिऱ्हाड केलं, तू इथेच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलीस, आमच्याकडेच राहिलीस, आणि सुट्टीच्या दिवशी जगाचे रेडिओ दुरुस्त करत बसलीस. मामंजींचाही वाजता केलास, पण मागून, आतली चकती बोटाने फिरवून. काटे जागचे हलत नसत. "वाजतो की गं," मी म्हणायची. "काटा चालल्याबिगर आवाज आला म्हनायचं न्हाय," हे तुझं उत्तर. दर थोड्या दिवसांनी तू नव्याने दोरा ओवायचीस. कधी एक काटा अर्ध्यावर अडायचा, कधी दोघे एकमेकांवर चालून यायचे. तू दोरा सोडवायचीस आणि ती चुकलेली वाट कागदावर काढून ठेवायचीस, म्हणजे पुन्हा तीच चूक नको.

शिरीषने, या मुलांच्या बाबाने, अमेरिकेत गेल्यावर आपल्याला कॉम्प्युटर घेऊन दिला तो त्याचे फोटो बघायला. महिनाभरात तो तुझा झाला. पुढच्या सुट्टीत त्यानेच एका कंपनीच्या फुकट जागेवर 'बोलका रेडिओ' ही साइट उभी करून दिली. चित्रं तुझी, इंग्रजी माझं. तू प्रत्येक रेडिओच्या दोऱ्याची वाट पेन्सिलने काढायचीस, त्यावर शाई फिरवायचीस, बाणांनी दिशा दाखवायचीस. सोमवार पेठेतल्या दुकानातून ती स्कॅन करून आणायचीस. मी खाली दोन ओळी लिहायची आणि पानाला नाव द्यायची. तुला माझ्या नीटनेटकेपणाचा उपयोग झाला असा आयुष्यातला हा एकच प्रसंग, असं तूच म्हणायचीस.

पहिल्या पानावर तुझा नियम होता. जुना दोरा तुटलेला असला तरी काढू नका, आधी त्याची वाट कागदावर उतरवा. मी त्याचं सभ्य इंग्रजी केलं. तू म्हणालीस, "लईच गुळमुळीत झालं ओ. दम द्या जरा." मग मी दम दिला.

आणि दुसरा रिवाज तुझाच. कोणी प्रश्न विचारला की तो उघडा राहायचा. तू उत्तर दिलंस तरी उघडाच. विचारणाऱ्याने परत येऊन 'आवाज आला' असं लिहिलं की मगच तो प्रश्न मी 'बोलके' या पानावर हलवायची. काही लोक आठवड्यात परत येत. मस्कतच्या एका इचलकरंजीकरांनी दीड वर्षाने लिहिलं, कारण ते सुट्टीत घरी आले तेव्हाच रेडिओ उघडता आला. पण लिहिलं. तेवढ्यासाठी लोक परत यायचे याचं मला फार नवल वाटे. तुला वाटत नसे. "सांगायला नगो व्हय?" म्हणायचीस.

साइटवरचा अगदी पहिला प्रश्न तुझा होता. मामंजींचा दोन काट्यांचा रेडिओ, त्याचं वर्णन, आणि शेवटी: वाट कोणाला माहीत असल्यास कळवावी.

पुण्याचे एक गृहस्थ तुला 'आदरणीय सर' म्हणून लिहीत. आपल्याकडच्या बायका 'मी बघतो, मी सांगतो' म्हणतात हे त्यांना ठाऊक नसावं, आणि तू इंग्रजी अक्षरांत तसंच लिहायचीस. मी दुरुस्त करू का विचारलं तर म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. सर म्हनून तरी ऐकतोय."

दिनकररावांना मात्र दुरुस्त करावंच लागलं. उचगावचे किराणा दुकानदार, स्कूटरच्या पुढ्यात धोतरात गुंडाळलेला भलामोठा रेडिओ घेऊन दारात उभे राहिले.

"सर हायत का घरात?"

"कोण सर?" मी विचारलं.

"त्ये ओ, इंटरनेटवरचं. रेडिओचं."

आतून तुझा आवाज आला, "सर न्हाईत, मी हाय. आत या पावणं, आन आधी त्ये धोतर सोडा."

ते जागच्या जागी थिजले. मग तुझी नजर रेडिओवर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि इतके हसले की रेडिओ मी धरला म्हणून वाचला.

"मला वाटलं कुनी मिल्ट्रीतनं रिटायर झाल्यालं असतील," चहा पिताना ते म्हणाले. "लई दरडावून लिवता की ओ तुमी."

"दरडावल्याबिगर दोरा काढायचं थांबतासा व्हय तुमी लोक? बगू, काढलासा का?"

त्यांनी मान खाली घातली. काढला होता.

त्यांच्या रेडिओची वाट साइटवर होती. दुपारपर्यंत काटा चालला आणि त्या दिवसापासून दिनकरराव आपल्या घरचे झाले. साइटची सगळ्यांत चांगली वर्षं तीच. रोज सकाळी तू अंघोळीआधी प्रश्न बघायचीस. 'शेजारी' नावाचं एक पान होतं, त्यावर आपल्यासारख्याच छंदिष्टांच्या साइटचे पत्ते: बेळगावच्या एकांची जुन्या कॅमेऱ्यांची, नाशिकच्या एका जोडप्याची काडेपेट्यांच्या चित्रांची, कोणाची टपाल तिकिटांची. तू त्यातल्या कोणालाही कधी भेटली नाहीस, पण नाशिककर बाईंना मुलगी झाली तेव्हा तू पेढे आणलेस.

मग लोक त्या भेटीगाठींच्या नव्या साइटवर जाऊ लागले. आधी कॉलेजची मुलं गेली, मग त्यांचे आईबाप, मग मीही. आपल्याकडे प्रश्न कमी झाले. त्यांच्या जागी औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती येऊन पडू लागल्या. तू रोज सकाळी अंगण झाडावं तशा त्या काढून टाकायचीस. शेजाऱ्यांचीही घरं एकेक करून बंद झाली. कॅमेऱ्यांच्या पानावर एक दिवस नुसती ओळ दिसली, 'आम्ही आता तिकडे असतो'. काडेपेट्यांचं पान तर काही न सांगताच गेलं. मी म्हटलं, नावं काढून टाकते. तू काढू दिली नाहीस. प्रत्येकासमोर मला लिहायला लावलंस: घर बंद आहे.

दिनकररावांनी तिकडे जुन्या रेडिओंचा ग्रुप काढला. उत्साही माणूस. बघता बघता त्यात गर्दी झाली.

"आक्का, तिकडं लई पब्लिक हाय. तुमी हितं एकट्याच बसलायसा."

"मी कुटं एकटी? वैनी हायत की."

"एक चित्र टाकून तर बगा."

तू टाकलंस. तासाभरात खाली रांग लागली, 'लई भारी', 'एक नंबर', 'आक्का, नादखुळा!' तू चष्मा पुसून पुसून वाचत होतीस. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता हे मी पाहिलंय, आक्का. तुला ते आवडलं होतं. हे तू पुढे कधी कबूल केलं नाहीस, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग त्या चित्राच्या वर कोणी जोतिबाच्या यात्रेचे गुलालाचे फोटो टाकले, कोणी पुतण्याचं बारसं टाकलं, कोणी विकायचा ट्रॅक्टर टाकला. आठ-दहा दिवसांनी शिरोळच्या एका मुलाने नेमक्या त्याच रेडिओचा दोरा विचारला. त्याला चित्र दाखवायला तू खाली खाली जात राहिलीस. चहा गार झाला.

"वैनी, मीच ठेवल्यालं मलाच घावंना."

तू ते चित्र परत टाकलंस. पुन्हा 'लई भारी'. तिसऱ्यांदा कोणी तेच विचारलं तेव्हा तू उठून टेबलाकडे गेलीस. आणि त्या सगळ्या 'लई भारी'वाल्यांपैकी एकानेही परत येऊन सांगितलं नाही, की रेडिओ वाजला की नाही.

आपलं भांडण त्यावरून झालं. फुकट जागा देणारी कंपनी ती जागा कायमची बंद करणार असं पत्र आलं होतं. मी ते तुला वाचून दाखवलं आणि म्हटलं, सगळी चित्रं दिनकररावांच्या ग्रुपवर टाकू, माणसं जिथे बसतात तिथे आपणही जाऊन बसावं, रिकाम्या दुकानात किती दिवस बसणार?

"पारावर बसून गप्पा हुत्यात, रेडिओ दुरुस्त हुत न्हाय."

"मग दुकान बंद होऊ देणार?"

"हूं दे. रेडिओ बी बंदच पडल्यात की."

मी तुला हट्टी म्हटलं. तू जुळवणी करत असलेला दोरा हातातून न सोडता म्हणालीस, "तुमास्नी तिकडं ग्वाडच वाटनार. तुमची नातवंडं दिसत्यात रोज. माझं कोन हाय तिथं?"

मी स्वयंपाकघरात गेले. मिहिरचा दात पडल्याचा फोटो मी तुला हाक मारून दाखवला होता आणि तू तो मोठा करून छापून आणला होतास, तुझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होतास. मला तेच म्हणायचं होतं: ती नातवंडं तुझी नाहीत का? पण मी रागात होते, आणि राग गेल्यावर मला वाटलं, उद्या बोलू. मग तुझा ताप आणि तपासण्या सुरू झाल्या. तेवढं बोलायला पुरेल अशी दुपार पुन्हा मिळाली नाही. आज बोलते. ती तुझी आहेत. सईला शाळेत आजीबद्दल सांगायचं होतं तेव्हा ती तुझी साइट उघडायला गेली होती, माझा फोटो शोधायला नाही.

दवाखान्यात तू साइटचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, मला वाटलं झोपली आहेस, तर डोळे मिटूनच विचारलंस, "हुबळीच्या बाईनं लिवलं काय?"

हुबळीच्या त्या शिक्षिका. वडिलांचा रेडिओ, पाच कप्प्या. तू उत्तर पाठवलं होतंस, आजारी पडण्याआधी.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग उघडाच ठेवा."

एवढंच. आधी म्हणाली होतीस बंद पडू दे, आणि आता म्हणालीस उघडा ठेवा. मी नंतरचं धरलं. दुकान मिटवून एक प्रश्न उघडा ठेवता येत नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी कामाला बसले. जुनी जागा बंद व्हायला थोडाच अवधी होता. शिरीषने नवी जागा घेऊन दिली आणि फोनवर सांगितलं, आधी सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घे. मी उतरवलं. आधी चित्रं. माझ्या सवयीप्रमाणे सगळी एका ठिकाणी, ओळीने. पूर्ण झाल्यावर उघडून बघते तर नावांच्या जागी नुसते आकडे. चित्र होतं, पण कुठल्या रेडिओचं, कोणाच्या प्रश्नाचं, कुठल्या पानावरून तिथे जायचं, काहीच नाही. कप्प्या आणि बाण, कप्प्या आणि बाण. मी हातात दोरा घेऊन उभी होते, आणि कात्री माझीच होती.

मला हसू आलं, आक्का. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. इतकी वर्षं पहिल्या पानावर असलेला तो नियम इंग्रजीत मीच लिहिला होता, दम देऊन.

जुनी साइट अजून उभी होती हे नशीब. मी सगळं पुसलं आणि वाट काढायला घेतली. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून भिंतीवर लावली. पहिलं पान मध्यभागी, तिथून रेघा: हा रेडिओ, त्याचं चित्र, त्याखालचा प्रश्न, तो कुठे हलवला. दिनकरराव समाचाराला आले आणि भिंत बघून दारातच थांबले.

"वैनी, ह्ये काय? मेट्रो करताय काय कोल्हापुरात?"

मी सांगितलं. त्यांनी चप्पल काढली, बाह्या सारल्या. त्यानंतर दुकान भावाच्या हवाली करून ते रोज दुपारी येत. मी वाचायची, ते भिंतीवर रेघ मारायचे. "आक्का आसती तर म्हनली आसती, दिनकर, रेघ वाकडी आली," असं स्वतःच म्हणायचे आणि खोडायचे. एकदा रेघ मारता मारता म्हणाले, "मी त्यास्नी तिकडं न्ह्यायला नगो हुतं."

मी म्हटलं, तसं नाही. तुझ्या जाण्याची बातमी त्यांनी ग्रुपवर टाकली तेव्हा जे लोक आले, त्यांच्यात नाशिकच्या त्या बाई होत्या. त्यांनी मुलीचा फोटो टाकला होता. मुलगी आता शाळेत जाते. बेळगावकर होते. मस्कतचे इचलकरंजीकर होते. ज्यांच्या नावापुढे तू 'घर बंद आहे' लिहायला लावलंस, ते सगळे तिथे जिवंत, बोलते, तुझ्यासाठी हळहळत होते. तू म्हणालीस, माझं कोण आहे तिथं. इतके होते. हे तुला दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं म्हणून बरंही वाटतं. पण त्या हळहळीचं पानही चार दिवसांत खाली गेलं, वर कोणाचा तरी नवा टीव्ही आला. म्हणजे तूही खरीच. हे भांडण आपण मिटवलं नाही तेच ठीक झालं.

मुदतीआधी सगळं हललं. जुना पत्ता गेला. सईला म्हणूनच साइट दिसली नाही. नवा पत्ता बाबाला पाठवला आहे.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. कोणाच्या तरी माळ्यावरचा, धुळीने माखलेला रेडिओ, आणि काचेमागे दोन काटे. मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. खाली 'लई भारी'ची रांग होती. मी लिहिलं: कृपा करून पाठ उघडा, दोरा काढू नका, त्याची वाट कागदावर उतरवून मला पाठवा, आम्ही फार वर्षं शोधत आहोत. त्या माणसाने माझ्या वाक्याला अंगठा दिला. नुसता अंगठा. मी परत लिहिलं, पत्ता विचारला. तोवर फोटो खाली गेला होता. दिनकरराव म्हणतात, "थांबा की वैनी, माझ्या दुकानात येनारं कुनी ना कुनी त्येच्या वळखीचं निगंल." मी रोज सकाळी अंघोळीआधी बघते.

त्याच वेळी आपल्या साइटवरही बघते. परवा तिथे दोनच शब्द होते, इंग्रजी अक्षरांत. हुबळीच्या बाईंचे. आवाज आला.

त्यांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. मी कळवलं, मग प्रश्न 'बोलके'मध्ये हलवला. बरोबर जागी ठेवला ना, ते दोनदा उघडून पाहिलं.

तुझा मी हलवलेला नाही. 'बोलका रेडिओ' नव्या पत्त्यावर आहे, सगळी चित्रं आपापल्या वाटेने उघडतात, आणि पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत, तुझ्याच शब्दांत, मामंजींच्या रेडिओचा प्रश्न उघडा आहे.